मागच्या माणसाचा फोटो

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक स्टीलचा पेला मांडून ठेवलाय, खाली फरशीवर एक साठीचा माणूस पोटावर आडवा होऊन डोळ्याला कॅमेरा लावून पडलाय, आणि तुमच्या शाळेची घंटा आता होईल की मग होईल अशी वेळ झालीय. अशा सकाळी ज्यांनी काढल्या नाहीत, त्यांना आमचे भिवंडीचे घरमालक काय प्रकरण होतं हे समजावून सांगणं अवघड आहे. मी एक पाय उचलला रे उचलला की खालून आवाज यायचा, "टीचर, हलू नका! वरचा पेला पुसट येते!"

"अहो, मी काय पेला आहे का?" असं एकदा वैतागून विचारलंसुद्धा मी.

त्यावर कॅमेरा न हलवता ते म्हणाले, "न्हाय. पन तुमी पेल्याच्या मागं हाव ना. मना तुमीपन बगाचाय."

मी मूळची घाटावरची. भिवंडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, नवरा नाशिकला नोकरीला, म्हणून मी त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत एकटी भाड्याने राहत होते. खाली मालक, मालकीणबाई आणि लग्नाला आलेली त्यांची मुलगी. शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये लूम, त्यांचा खडखडाट आणि हवेत उडणारा बारीक कापूस. त्या सगळ्याची मला महिन्याभरात सवय झाली. मालकांची सवय मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

त्यांचं गाव कशेळी. खाडीकाठी त्यांची भाताची जमीन होती, तिथे आता गोदामं उभी राहिली होती, त्यामुळे पोटापाण्याची ददात नव्हती आणि हाताला काम नव्हतं. कामावर जाणाऱ्या माणसाचा त्रास फक्त संध्याकाळी असतो. रिकाम्या माणसाचा दिवसभर असतो, आणि रविवारी जास्त असतो.

फोटोंचं वेड त्यांना आधीपासूनच होतं. मी राहायला गेले तेव्हा त्यांच्याकडे एक चपटा चंदेरी कॅमेरा होता. त्याला ते 'डबी' म्हणत. दृष्ट लागू नये म्हणून मालकीणबाईंनी तिला काळा गोफ बांधला होता आणि ती त्यांच्या गळ्यात अष्टौप्रहर असायची, आंघोळीला जातानासुद्धा खुंटीपर्यंत. कशेळीपासून अंबाडीपर्यंत कुठेही हळद असो, बारसं असो, साखरपुडा असो, मालक डबी घेऊन हजर. बोलावलंय की नाही हा प्रश्न त्यांना पडत नसे. फोटो कसले काढायचे, तर पंगतीचे. नवरा-नवरीचा एखादा, तोही जाता जाता. बाकी सगळे जेवायला बसलेल्या रांगांचे, मांडवाच्या दाराशी उभ्या राहिलेल्यांचे, आचाऱ्याचे, खुर्च्या उचलणाऱ्यांचे. मग स्वतः जाऊन प्रती काढून आणायच्या आणि घरोघर वाटायच्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "फोटूत न्हाय तो लग्नाला आलाच न्हाय." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणत की, आपण आजवर गेलो त्या लग्नांना खरंच गेलो होतो का, अशी मलाच शंका यायला लागायची.

डबीचा एक गुण मात्र होता. दिवसाउजेडी तिच्या फोटोत पुढचा माणूस जितका स्पष्ट, तितकाच मागचा. पंगतीच्या पार शेवटच्या पानावरची भजीसुद्धा मोजून घ्यावी. घोडं अडायचं ते हळदीला. हळद संध्याकाळनंतरची, आणि डबीचा फ्लॅश पुढच्या दोन रांगांपर्यंत पोचून दमायचा. मागे सगळा काळोख. मुलीचं लग्न ठरलं आणि मालक एकदम अस्वस्थ झाले. ठाण्याला जाऊन आले ते काखेत भलं मोठं खोकं घेऊनच. आत तो मोठा कॅमेरा, बदलायच्या भिंगाचा. दुकानदाराने म्हणे सांगितलं होतं, "अंधारातसुद्धा लख्ख येतं, काका."

त्याच्या पुढे आलेल्या भिंगामुळे मालकांनी त्याचं नाव 'भोंगा' ठेवलं. त्या दिवसापासून माझ्या नशिबात काय वाढून ठेवलं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

पहिला गोंधळ डोळ्याचा. डबी हातभर लांब धरून मागच्या पडद्यात बघायची, तीच सवय. भोंगा तसा धरला की हात भरून यायचे आणि फोटो हलायचा. मी म्हटलं, "डोळ्याला लावा. एक डोळा मिटा आणि भोकातून बघा."

"एक डोला मिटू? समोरच्या बाईला वाटंल, डोला मारला!"

"कॅमेऱ्यामागे कुणाला दिसतंय?"

"मना म्हायती हाय ना!"

शेवटी मिटायला शिकले, पण उघडायला विसरू लागले. कॅमेरा खाली घेतला तरी डोळा मिटलेलाच. पिंपळासच्या एका बारशात तसेच हसतमुखाने एका बाईसमोर उभे राहिले, तिच्या नवऱ्याने विचारलं, "काय दादूस, काय इचार हाय?" आणि प्रकरण मिटवायला मालकीणबाईंना मध्ये पडावं लागलं. घरी आल्यावर त्याचा दोष कुणाला? मला. "टीचरनीच सांगितलान मिटा म्हून."

दुसरा गोंधळ निगा राखायचा. लूमचा कापूस भिंगावर बसतो म्हणून त्यांनी भोंग्याला लूमवरच्या कोऱ्या 'ग्रे' कापडाचं टोपडं शिवून घेतलं, नाड्या लावून, अगदी तान्ह्या बाळाला घालतात तसं. दमट हवेने बुरशी येते असं कुठेतरी ऐकलं, म्हणून भोंगा तांदळाच्या पिंपात. आता पिंपातल्या तांदळाला पीठ असतं, आणि ते पीठ कापसापेक्षा बारीक असतं, हे मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. भात शिजवायच्या आधी मालकीणबाई पिंपातून बाळाला उचलून बाजूला ठेवायच्या आणि मग मापटं घालायच्या.

पण खरा गोंधळ तिसरा, आणि त्याने माझ्या नाकी नऊ आणले. भोंगा अंधारातलं टिपायचा खरा, पण समोरच्या एका माणसाला धरायचा आणि मागच्या सगळ्यांना धुक्यात लोटायचा. जगभरचे हौशी लोक त्या धुक्यासाठी पैसे मोजतात. आमच्या मालकांची मात्र पहिला फोटो पाहून तळपायाची आग मस्तकात गेली.

"मागची मानसं पुसली यानी! आरं, ती काय जेवली न्हायत का?"

मग मला खाली बोलावणं आलं. माहितीचं पुस्तक इंग्रजीत, ते वाचून मराठीत सांगायचं. मी सांगितलं की, भिंगात एक भोक असतं, ते लहान केलं की मागचंही स्पष्ट येतं. आकडा मोठा ठेवायचा, अकरावर वगैरे, म्हणजे भोक लहान होतं. मग उजेड कमी पडतो, तेवढा उजेड करायचा, आणि कॅमेरा तिपाईवर ठेवायचा. झालं. इयत्ता आठवीच्या मुलालाही कळावं असं.

"म्हंजे मोठा आकडा, मोठा भोक."

"नाही. मोठा आकडा, लहान भोक."

"ह्ये उलटा कशाला केलाय?"

"मला काय विचारता? मी बनवलाय का?"

मी त्यांना डोळे बारीक करायला लावले. चष्मा नसला की लांबची पाटी वाचताना आपण डोळे किलकिले करतो ना, तसंच हे. त्यांनी डोळे किलकिले करून समोरच्या शेडवरची पाटी वाचली, खूश झाले, मान डोलावली. मला वाटलं, सुटले. पुढच्या रविवारी पुन्हा हाक, "टीचर, जरा खाली या. मोठा आकडा म्हंजे मोठा भोक ना?"

असे किती रविवार गेले ते आठवायचीही इच्छा नाही. याच काळात जिन्यात पेले आले. पेल्यांनी समाधान होईना तेव्हा माणसं लागली. मुलीला खुर्चीत बसवायचं, तिच्यामागे मालकीणबाई, आणि अगदी शेवटी, गॅलरीच्या टोकाला, मी. माझ्या हातात बाजाराची पिशवी, त्यात नाशिकच्या माणसासाठी घेतलेले बोंबील, आणि मालक म्हणताहेत, "टीचर, मागं. आजून मागं. तुमी मागचा मानूस हाव." मग मला पडदा दाखवायचे. मुलीची पापणीन् पापणी दिसत होती. माझ्या जागी एक हिरवट डाग. साडीवरून ओळखायची ती मी.

खोटं कशाला बोलू, मला अपमान वाटला. कॅमेऱ्याने केलेला असला तरी अपमानच तो.

हा सगळा आटापिटा कशासाठी, ते मला मालकीणबाईंनी सांगितलं. एका दुपारी आम्ही दोघी करंदी सोलत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "बायसाठी चाल्लाय त्याचा." बाय म्हणजे मालकांची थोरली बहीण, कशेळीच्या घरी राहायची. मालकांची आई ते रांगत असतानाच गेली. त्यांना वाढवलं ते बायने, कमरेवर घेऊन खाडीच्या चिखलात निवट्या मासे पकडायला जायची. पुढे तिचं लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी ती कपाळ पुसून माहेरी परत आली. तेव्हापासून घरात इतकी लग्नं झाली, मालकांचं स्वतःचंसुद्धा. प्रत्येक हळदीला बाय मांडवाच्या मागच्या खांबाशी उभी राहायची. हळद वाटायला ती, पाणी भरायला ती, पण पाटाजवळ यायचं नाही. तिला कुणी ये म्हणायचं नाही, आणि ती आपणहून पाऊल उचलायची नाही. म्हणून त्या घरातल्या एकाही हळदीच्या फोटोत ती नव्हती. अलीकडे डबीनेही तिला काळोखात टाकलं होतं. आता भोंगा धुक्यात टाकत होता.

"पोरीच्या हल्दीत तरी बाय दिसली पायजे, म्हून यानी येवरा मोठा भोंगा आनला," मालकीणबाई म्हणाल्या आणि करंदीचं टरफल जरा जास्तच जोरात फेकलं.

हे ऐकून मला मालकांबद्दल कणव वाटली. ती पुढच्या रविवारपर्यंत टिकली. त्या रविवारी त्यांनी मला पुन्हा गॅलरीच्या टोकाला उभं केलं, पुन्हा डाग दाखवला आणि पुन्हा विचारलं, "मोठा आकडा म्हंजे—"

माझा तोल गेला. मी म्हटलं, "अहो, राहू द्या तो आकडा! मागच्या माणसाचा एवढा पुळका आहे, तर मागे ठेवताच कशाला त्याला? पुढे आणा ना! एका रांगेत उभं करा, सगळे स्पष्ट येतील. त्याला ना भोक लागतं, ना आकडा!"

मालक उठले. भोंग्याला टोपडं घातलं, नाड्या बांधल्या, आत गेले. मला वाटलं, रागावले. त्यानंतर हाक आली नाही, जिन्यातले पेलेही गेले. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि दोन रविवार गेल्यावर, तुम्हाला पटणार नाही, मला करमेना.

हळद कशेळीला, गावच्या घरासमोर. हमरस्त्यावर गोदामांच्या ट्रकांची रांग लागली होती, निम्मं वऱ्हाड तिच्यात अडकलं होतं, आणि अंगणात बेंजोवाल्यांनी असा ठेका धरला होता की रिक्षातून उतरतानाच माझे दात वाजायला लागले. मांडवात गेले तर एक गोष्ट खटकली. मागच्या खांबाकडे तोंड करून दोन मोठे हॅलोजन लावले होते. नवरीवर नव्हता एवढा उजेड मागे. मनात म्हटलं, मंडपवाल्याने चूक केली असणार, मालकांसारख्याच कुणीतरी सांगितलं असेल. भोंगा तिपाईवर चढवलेला, त्यामागे मालक, नवं धोतर, गळ्यात डबीचा काळा गोफ.

पाटावर नवरी बसली होती. सवाष्णी एकेक करून आंब्याच्या पानाने हळद लावत होत्या आणि कुणी काय करायचं ते मालकांची काकी सांगत होती. त्या घरात तिचा शब्द शेवटचा. मागे, हॅलोजनच्या झोतात, डोळे दिपून हात आडवा धरलेली, पांढऱ्या केसांची बाय खांबाला टेकून उभी होती.

मालकांनी चार-पाच वेळा खटाक-खटाक केलं, पडद्यात बघितलं, आणि कपाळावर हात मारला. इतक्या मोठ्याने मारला की बेंजोवाल्यांनी ठेका सोडला.

"न्हाय येत. बाय, पुढं ये."

बाय हललीच नाही. काकी म्हणाली, "तिचा काय काम हाय पाटाजवल?"

"कामाचा न्हाय काकी, मशीनचा सवाल हाय. या मशीनला मागचा मानूस दिसत न्हाय. पुसून टाकते. तिला नवरीच्या रांगेतच बसाला लागंल."

"मंग नको काढू तिचा फोटू."

"फोटूत न्हाय तो लग्नाला आला न्हाय. माजी बाय माज्या पोरीच्या लग्नाला आली न्हाय, असा सांगू का मी?" मालकांचा आवाज चढला होता. मग त्यांनी गर्दीत नजर फिरवली आणि नको तिथे थांबवली. "माज्यावर इस्वास नसंल त टीचरला इचारा. सायन्सची टीचर हाय. तिनीच सांगितलान मना."

अख्खा मांडव माझ्याकडे वळला. मांडवाचा खांब पकडून उभी असलेली मी, हातात कोल्ड्रिंकचा ग्लास. काकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काय वो टीचर? खरा हाय ह्ये?"

आता मी काय करावं? कितीतरी रविवार मी त्या माणसाच्या कानीकपाळी ओरडत होते की, मागचा माणूस दिसतो, दिसतो, आकडा बदला म्हणजे दिसतो. आठवीच्या पोरांना मी प्रकाशाचा धडा शिकवते. आणि तिकडे खांबाशी ती म्हातारी, ओल्या हाताने पदर चाचपत, माझ्याकडे अशी बघत होती की, नाही म्हणालीस तरी चालेल पोरी, मला सवय आहे.

"हो," मी म्हणाले. "एका रांगेतच यावं लागतं. नाहीतर दिसत नाही. नियमच आहे तसा."

काकीने माझं तोंड निरखलं. सायन्सच्या टीचरपुढे तिचा इलाज चालला नाही. "मशीनचा नेमच हाय त काय करनार," असं पुटपुटत ती बाजूला झाली.

बाय आली. एवढं अंगण ओलांडायला तिला फार वेळ लागला. पाटाशेजारी बसली, तीही अंग चोरून, नवरीला आपला पदर लागू नये अशी. नवरीनेच तिचा हात धरला, परातीतल्या हळदीत बुडवला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. बाय हात काढून घ्यायला गेली, तर पोरीने सोडला नाही. मग बेंजोवाल्यांपैकी कुणाला तरी सुचलं आणि त्याने ठेका धरला.

खटाक असा एकच आवाज आला. मी वळून पाहिलं, तर मालकांनी डोळा कॅमेऱ्याला लावलेला तसाच होता. फोटो निघाला होता, तरी तोंड बाहेर काढीनात. त्यांच्या गालावरून पाणी उतरून भोंग्याच्या पट्ट्यावर पडत होतं. माझेही डोळे भरून आले, आणि त्याचाही मला रागच आला.

लग्नानंतर आठवड्याने मालकीणबाईंनी मला फोटो बघायला खाली बोलावलं. बाय आणि नवरीचा तो फोटो मोठा करून घेतला होता, छानच आला होता. मी सहज त्याच्या आधीचे फोटो चाळले, बायला पुढे बोलावण्यापूर्वीचे, आणि माझा हात थांबला. नवरी स्पष्ट. तिच्यामागच्या सवाष्णी स्पष्ट. त्यांच्याही मागे, मांडवाच्या शेवटच्या खांबाशी, हॅलोजनच्या उजेडात बाय. तिच्या पदराची किनार दिसत होती, कपाळावरचं गोंदण दिसत होतं, खांबाच्या दोरीची गाठसुद्धा दिसत होती. मी पिंपातून भोंगा काढला, टोपडं सोडलं आणि पडद्यावर तोच फोटो आणून पाहिला. आकडा अकरा.

मालक ओट्यावर चहा पीत बसले होते. मी भोंगा त्यांच्यासमोर धरला. "हे काय आहे?"

"अकरा."

"म्हणजे तुम्हाला येत होतं!"

"तुमीच शिकवलाव ना," ते म्हणाले. "मोठा आकडा, लहान भोक. डोले किलकिले कराचे."

"कधीपासून येत होतं?"

"पयल्या-दुसऱ्या रविवारीच समजला. पन तुमाला इचारत रायलो, मना बगाचा व्हता, तुमी दुसरा काय उपाय सांगताव का. नुसता फोटूत दिसून काय? ती मागंच रायली असती. मंग तुमी वैतागून सांगितलाव, पुढं आना म्हून."

ते पेले, ते बोंबील, तो हिरवा डाग! "मग मांडवात सगळ्यांसमोर धडधडीत खोटं का बोललात?"

मालकांनी बशी खाली ठेवली. "माजा कोन मानतं? काकी मानली ती तुमचा." आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता पुढे म्हणाले, "चांगला बोललाव पन. मना वाटला व्हता, अडखलाल."

त्या घरात मी पुढे आणखी काही वर्षं काढली. मग नवऱ्याची बदली इकडे झाली, आम्ही भिवंडीतच स्वतःचं घर घेतलं. मालक आता कशेळीला असतात, भोंगा पिंपात, आणि सगळे फोटो फोनवर निघतात. फोनमध्ये पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं.

परवा दिघाशीला एका विद्यार्थिनीच्या हळदीला गेले होते. पोरं फोन उंच धरून फोटो काढत होती. तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, "ए, मागं कोन उबी हाय ती? पुढं घ्या तिला, मागचा मानूस मशीनला दिसत न्हाय." आणि मागच्या खांबाशी उभी असलेली एक तरुण, मोकळ्या कपाळाची बाई पुढे आली, पाटाजवळ बसली. फोन धरलेला मुलगा गोंधळून माझ्याकडे वळला. "टीचर, यात त सगलाच दिसते. असा कुठं नियम असते का?"

"असतो," मी म्हणाले. "हलू नकोस, फोटो काढ."